काचमाशाचे कूळ

१८२८ साली पॅरिसमध्ये जॉर्ज कुव्हिए आणि आशिल व्हालांसिएन यांच्या माशांवरील महाग्रंथाचा दुसरा खंड प्रसिद्ध झाला. युरोपातल्या नद्या-तळ्यांत आढळणाऱ्या पर्च या माशाच्या नावाने कुव्हिएने एक मोठे कूळ कल्पिले होते; त्या कुळाचा बराचसा विस्तार या खंडात आहे. अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवरचे बास त्यात आहेत, आपल्या कोकणातला जिताडा आहे, आणि जेमतेम बोटभर लांबीचे, आरपार दिसणारे अँबॅसिस, म्हणजे काचमासेही आहेत. पाठीवर काटेरी पर, खरबरीत खवले, कल्ल्यांच्या झाकणावर टोके, दातांची विशिष्ट मांडणी अशा खुणा जुळल्या की मणभर वजनाचा बास आणि चिमूटभर काचमासा कुव्हिएच्या लेखी भाऊबंद ठरत.

त्याच सुमारास ईस्ट इंडिया कंपनीचा एक लष्करी अधिकारी भीमा, मुळा-मुठा, इंद्रायणी आणि घोड या नद्यांच्या काठाने मासे मोजत फिरत होता. विल्यम हेन्री साइक्स हे त्याचे नाव. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, १८२४ साली, दख्खनची आकडेवारी गोळा करण्यासाठी साइक्सची नेमणूक झाली होती. गावे, पिके, महसूल, वजनेमापे, पाऊसमान यांच्या नोंदी हे त्याचे सरकारी काम. ते करता करता त्याने पक्ष्यांच्या, सस्तन प्राण्यांच्या आणि माशांच्याही नोंदी केल्या. सोलापूर हा त्या वेळी वेगळा जिल्हा नव्हता, पण सोलापूरची नदी साइक्सच्या वहीत आहे. भीमेच्या काठी त्याला मासे मिळाले ते मुख्यतः पेडगावला. संभाजी महाराजांना कैद करून आणले तोच बहादूरगड असलेले हे गाव आज अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीगोंदा तालुक्यात येते. तिथून भीमा खाली उतरते ती करमाळा, माढा, पंढरपूर, मंगळवेढा करत दक्षिण सोलापुरात, हत्तरसंग कुडलला सीना तिला मिळते तिथपर्यंत आणि पुढे कर्नाटकात.

साइक्स १८३१ साली विलायतेला परतला. १८३८च्या अखेरीस लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे त्याने दख्खनच्या माशांवरचा निबंध मांडला. त्याचा गोषवारा १८३९ साली छापला गेला आणि चित्रांसह पूर्ण निबंध १८४१ साली. त्यात चाळीसहून अधिक मासे आहेत. मांडणी कुव्हिएच्या पद्धतीची, म्हणजे काटेरी पराचे मासे आधी, मऊ पराचे नंतर. यादीत अँबॅसिस बार्लोवी या नावाचा एक काचमासाही आहे. अशा रीतीने दख्खनचा हा इवलासा मासा कागदावर युरोप-अमेरिकेतल्या बासचा नातलग झाला. ते नाते पुढे टिकले नाही. ते कसे तुटले आणि काचमासा शेवटी कोणाच्या कुळात गेला, हे पाहताना भीमेचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहासही सोबत उलगडत जातो.

आधी बासविषयी. समशीतोष्ण पाण्यातल्या ज्या बास माशांना आज मोरोनिडी कुळात ठेवतात, त्यांच्या जाती अवघ्या सहा. चार उत्तर अमेरिकेत, दोन युरोप आणि उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यांवर. पाठीवर दोन पर, त्यातला पुढचा काट्यांचा. गुदपराला तीन काटे. अंगावरची संवेदक रेषा थेट शेपटीपर्यंत गेलेली. युरोपीय बास लिनियसने १७५८ साली पर्चच्याच प्रजातीत घातला होता. आज तो ग्रीस आणि तुर्कस्तानच्या किनाऱ्यांवर पिंजऱ्यांत वाढवला जातो. अमेरिकेतल्या चारांपैकी पांढरा बास, पिवळा बास आणि ज्याला तिकडे पांढरा पर्च म्हणतात तो, हे तिघे लहान. चौथा मात्र मोठा आणि देखणा. अंगावर सात-आठ काळ्या आडव्या रेघा असलेला हा पट्टेरी बास.

पट्टेरी बास समुद्रात वाढतो आणि वसंतात अंडी घालायला नद्यांत चढतो. त्याची अंडी तळाला चिकटत नाहीत. ती प्रवाहाबरोबर वाहत राहतात आणि साधारण दोन दिवसांत फुटतात. तोवर पाणी थांबले तर अंडी गाळात बसतात आणि गुदमरतात. म्हणून या माशाला नुसते पाणी पुरत नाही, वाहत्या पाण्याचा लांब पल्ला लागतो. न्यू इंग्लंडमध्ये वसाहत करणाऱ्यांना तो इतका विपुल मिळत होता की ते शेतात खत म्हणून मासे पुरायचे. १६३९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये बास आणि कॉड यांचे खत करायला कायद्याने बंदी झाली. त्या खंडातल्या मासेमारीवरच्या सर्वांत जुन्या निर्बंधांपैकी तो एक.

आता भीमेकडे. साइक्सच्या कामातले सर्वांत मोलाचे काय, असे विचारले तर उत्तर त्याने ठेवलेल्या नावांत आहे. लंडनमधल्या मित्रांची आणि वरिष्ठांची नावे त्याने काही माशांना दिली. ऑगिल्बी, यारेल, व्हिगर्स, चिल्ड्रेन हे सगळे त्यात आहेत. ज्याने नेमणूक केली त्या एल्फिन्स्टनच्या वाट्याला नदीतला अहीर आला: अँग्विला एल्फिन्स्टोनी. पण कितीतरी माशांना त्याने काठावर ऐकलेलीच नावे ठेवली. बार्बस खुद्री, बार्बस कोलस, बार्बस मुसुल्ला, सिप्रिनस नुकटा, सिप्रिनस पोटेल, बोगट, मुल्ल्या, सांडखोल, शिंघाला, इचकिया, आळकुटी, मुरे. यांतली बरीच आजही जगभरच्या शास्त्रीय ग्रंथांत तशीच आहेत. ओढ्याच्या दगडाला चिकटून राहणारा मळ्या टोकियोतल्या अभ्यासकालाही गारा मुल्ल्या म्हणूनच माहीत असतो. प्रजातीचे नाव बदलते, पुढचे जातीचे नाव मूळच्या मालकाचे राहते.

ही नावे साइक्सला कोणी सांगितली, ते निबंधात माणसागणिक लिहिलेले नाही. पण दख्खनच्या नद्यांवर मासे पकडणारे मुख्यतः भोई आणि कोळी. भोयांचे दुसरे काम पालखी-मेणे वाहण्याचे, कोळ्यांचे नावा चालवण्याचे. पंढरपूरला चंद्रभागेत नावा घालणारे कोळी आजही आहेत. कोणता मासा डोहात राहतो, कोणता खडकाच्या कपारीत, कोणत्याचा काटा लागला की हात सुजतो, कोणाचे मांस गोड पण काट्यांनी भरलेले, हे सगळे या लोकांना साइक्सच्या आधी पिढ्यानपिढ्या ठाऊक होते. नदीकाठी मासे वेगळे ओळखण्याचे खरे काम होऊन गेले होते. साइक्सने त्याला लॅटिन प्रत्यय लावले. यात त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. त्या काळच्या कितीतरी युरोपीय अभ्यासकांनी स्थानिक नावे गाळून टाकली. साइक्सने ती जपली, आणि त्यामुळेच दोनशे वर्षांनंतरही त्याच्या यादीवरून काठावरच्या माणसाशी बोलता येते.

नुकटा जवळून पाहिला तर तो विसरता येत नाही. थोबाडावर आडवी खोल खाच, आणि खाचेच्या वर कपाळातून पुढे आलेला मांसल उंचवटा, जणू शिंग फुटू लागले आहे. साइक्सला तो चाकणजवळ इंद्रायणीत मिळाला. कृष्णेच्या खोऱ्याबाहेर हा मासा नाही, आणि आज धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक यादीत त्याचे नाव आहे. पेडगावच्या भीमेतला रोहटी ऑगिल्बी वेगळाच: उंच, दोन्ही बाजूंनी दाबलेले, चंदेरी अंग. त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या आणखी काही माशांसाठी साइक्सने रोहटी ही प्रजाती उभी केली. पुढे तिच्यातले बाकीचे मासे काढून घेतले गेले, आणि आज त्या प्रजातीत भीमेचा हा एकटाच मासा उरला आहे.

या यादीत एक मोठी उणीव राहिली आणि तिचा फटका पुढच्या अभ्यासकांना बसला. साइक्सने मापे घेऊन चित्रे काढून घेतली, वर्णने लिहिली, पण त्याने पाहिलेल्या बहुतेक माशांचे मूळ नमुने आज कोणत्याही संग्रहात नाहीत. वर्गीकरणात वाद झाला की बाटलीतला मूळ मासा काढून पाहतात. इथे बाटलीच नाही.

मुसुल्ल्याचे तेच झाले. साइक्सने तो शिरूरजवळच्या घोड नदीतून वर्णिला. शंभर वर्षांनी भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे सुंदरलाल होरा साइक्सच्या बार्बस माशांची ओळख पटवायला बसले. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात महसीर माशांवर त्यांची लेखमाला येत होती, तिच्यात त्यांनी मुसुल्ला म्हणजे पाठीवर कुबड असलेला महसीर असे ठरवले. त्यामुळे कावेरीतला प्रचंड कुबडा महसीर कित्येक दशके दख्खनच्या या नावाने ओळखला गेला. २०१३ साली भारतीय अभ्यासकांनी साइक्सचे वर्णन आणि चित्र पुन्हा तपासले आणि दाखवून दिले की मुसुल्ला हा महसीर नव्हेच, तो हिप्सेलोबार्बस प्रजातीतला आहे. कावेरीतल्या कुबड्या महसीरला त्याचे योग्य नाव, टॉर रेमादेवी, २०१८ साली मिळाले. नमुना हरवल्यामुळे एका नदीचे नाव दुसऱ्या नदीच्या माशाला चिकटले आणि सुटायला सत्तर वर्षे गेली.

इकडे पर्चचे महाकूळही हळूहळू फुटत गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधला जॉर्ज बुलांजे माशांची नवी सूची करत होता. त्याने बास माशांना सेरॅनिडी कुळात, म्हणजे समुद्रातल्या हेकरूंच्या घरात ठेवले. बरीच वर्षे ते तिथे राहिले. १९६६ साली विल्यम गॉस्लाइनने सेरॅनिडीच्या सीमा नव्याने आखल्या आणि बासना बाहेर काढून पर्सिक्थिइडी हे कूळ केले. त्या कुळात दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या गोड्या पाण्याचेही मासे आले. १९८४ साली जी. डेव्हिड जॉन्सनने तेही फोडले आणि बास स्वतःच्या मोरोनिडी कुळात स्थिरावले. प्रजातीच्या नावातही असाच गोंधळ होता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पट्टेरी बास रोकस होता, १९६६नंतर तो मोरोने झाला. मासा जागचा हलला नाही, हलवले गेले ते त्याचे नाव.

मग जनुकांचा अभ्यास आला आणि दिसणाऱ्या खुणांवरची मांडणी जागोजागी उसवली. जिताडा बासपासून दूर गेला. त्याचे नाते आता मांदेली-बांगड्यांशी नव्हे तर हलवा, चपटे मासे आणि तलवार मासे ज्या शाखेत आहेत तिच्याशी जोडतात. आणि काचमासा? तो ओव्हॅलेंटेरिया नावाच्या मोठ्या शाखेत गेला. २०१२ साली मांडलेल्या या शाखेतल्या कितीतरी माशांची अंडी चिकट धाग्यांची असतात आणि दगडाला, झाडाला, कशाला तरी धरून राहतात. बोई मासे या शाखेत आहेत, समुद्रातले विदूषक मासे आहेत, आणि सिक्लिडी हे कूळही आहे. सिक्लिडी म्हणजे तिलापियाचे कूळ. सोलापूर जिल्ह्यात तिलापियाला म्हणतात चिलापी.

बासचा भाऊ म्हणून नोंदला गेलेला काचमासा चिलापीचा लांबचा नातलग निघाला. आणि चिलापीशिवाय आजच्या भीमेबद्दल काही बोलताच येत नाही.

मात्र चिलापीपर्यंत यायच्या आधी नदी कशी होती ते पाहायला हवे. भीमेला पाणी येते ते सह्याद्रीतून. जुलै-ऑगस्टात सोलापुरात आभाळ कोरडे असते आणि पंढरपूरच्या वाळवंटात पाणी चढत असते, हे इथल्या लोकांना नवे नाही. पहिल्या पुराबरोबर पाणी गढूळ होते आणि मासे उलटे निघतात. चढणीचे मासे म्हणतात त्यांना. कोलस, खुद्री, बोगट, आळकुटी असे मऊ पराचे मासे प्रवाहाविरुद्ध वर जातात, ओढ्या-नाल्यांत शिरतात, उथळ पाण्यात, खडीवर अंडी टाकतात. रात्री बत्ती घेऊन, घोट्याएवढ्या पाण्यात, काठी किंवा लहान जाळे घेऊन चढणीचे मासे धरायला सगळे गाव बाहेर पडायचे. पाऊस ओसरला की मोठे मासे पुन्हा डोहांत उतरत आणि उन्हाळा तिथे काढत. नदीच्या वर्षाची ही दोन टोके: पावसाळ्यात चढण, उन्हाळ्यात डोह.

अहिराची वाट याहून लांबची. तो जन्मतो समुद्रात, बोटाएवढा होऊन नदीत शिरतो, वर्षानुवर्षे गोड्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला परत समुद्राकडे जातो. पट्टेरी बासच्या नेमके उलट. भीमा ८६१ किलोमीटर वाहून रायचूरजवळ कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. पुण्याच्या आसपास साइक्सला जो अहीर मिळाला, त्याचे पिल्लू सगळा दख्खन ओलांडून वर आले होते. त्या वाटेवर आता नागार्जुनसागर आहे, श्रीशैलम आहे, कर्नाटकातले आणि सोलापुरातले बंधारे आहेत, आणि उजनी आहे.

उजनी धरणाचे काम १९६६ साली सुरू झाले आणि १९८० साली ते पुरे झाले. माढा तालुक्यातल्या उजनी गावाजवळ भीमा अडली आणि पाणी करमाळा, इंदापूर, कर्जत, दौंड तालुक्यांत पसरले. यशवंतसागर हे जलाशयाचे नाव. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा. उजनी मायनसमध्ये गेली, असे उन्हाळ्यात सोलापुरात जो तो म्हणतो, त्याचा अर्थ उपयुक्त साठा संपून मृतसाठ्याला हात लागला. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती वाईट बातमी. मासेमाराच्या दृष्टीने मात्र मायनसमध्येही तिथे अफाट पाणी असते. म्हणूनच दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मुलखात बारमाही मासेमारी उभी राहिली. भिगवण आणि इंदापूरच्या बाजारांत उजनीचा मासा पहाटेच येतो. लिलाव होतो आणि बर्फात घालून तो दूरदूर जातो.

धरणाने मासे वाढवले की संपवले, हा प्रश्न असा सरसकट विचारण्यात अर्थ नाही. कोणते मासे, हे विचारायला हवे. इथे पट्टेरी बासचीच एक हकिकत उपयोगी पडते. अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात सँटी आणि कूपर या नद्यांवर १९४१ साली धरणे बंद झाली. समुद्रातून चढून आलेले काही बास वर अडकले. ते मरतील असे वाटले होते. पण जलाशयाच्या वर काँगरी आणि वॉटरी या नद्यांचा लांब, मोकळा पल्ला शिल्लक होता. बास जलाशयात वाढत, वसंतात या नद्यांत चढत, अंडी वाहत येत आणि जलाशयात पोहोचण्याआधी फुटत. समुद्र न पाहता या माशाच्या पिढ्या होऊ लागल्या. पुढे १९६०च्या दशकात तिथेच संप्रेरक टोचून बासची पैदास करण्याची पद्धत बसवली गेली, आणि १९६५ साली पट्टेरी आणि पांढऱ्या बासचा संकरही झाला. आज अमेरिकेतल्या शेततळ्यांत जो बास विकायला वाढवतात तो मुख्यतः हा संकर.

उजनीच्या वर असा मोकळा पल्ला राहिला नाही. मुठेवर खडकवासला १८७९ सालापासूनच होते. विसाव्या शतकात पानशेत, वरसगाव, पवना, डिंभे, चासकमान अशी धरणे होत गेली. जे पाणी त्यांच्यातून सुटून खाली येते त्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मिसळते. मुळा-मुठेचे ते पाणी भीमेत उतरते आणि उजनीत साचते. साचलेल्या पाण्यात खतद्रव्ये वाढतात, शेवाळ माजते, जलपर्णी पसरते. खडीवर अंडी घालणाऱ्या, स्वच्छ वाहत्या पाण्याच्या माशांना वर चढायला जागा नाही आणि डोहही पाण्याखाली गेलेले. धरणाच्या भिंतीला दोष देऊन इथे थांबता येणार नाही. सँटी-कूपरला भिंत होतीच. तिथे भिंतीच्या मागे नदी उरली होती, एवढाच फरक, आणि तो निर्णायक ठरला.

रिकाम्या झालेल्या जागेत पाहुणे आले. त्यांतले पहिले पाहुणे सरकारी. कटला, रोहू, मृगळ हे गंगेच्या खोऱ्यात नावाजलेले मासे देशभरच्या जलाशयांत सोडता आले ते एका शोधामुळे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुलला हिरालाल चौधरी यांनी माशांना पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात त्यांची वीण घडवून आणली. तोवर बीज नदीतून गोळा करावे लागे. त्यानंतर ते केंद्रात तयार होऊ लागले. साउथ कॅरोलायनातल्या बासच्या प्रयोगांआधीची ही गोष्ट आहे, आणि तिच्याविषयी इथल्या शाळकरी मुलांना सांगायलाच हवे. उजनीच्या कटल्याची पाटी उचलताना दोन माणसे लागतात, त्यामागे अंगुलचा तो जुलै आहे.

चिलापी मात्र बोलावून आली आणि मग कोणाचे ऐकेना. मोझांबिकची तिलापिया जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म पीटर्सने १८५२ साली वर्णिली. बरोबर शंभर वर्षांनी, १९५२ साली, ती भारतात आणली गेली. स्वस्त प्रथिने मिळतील ही अपेक्षा होती. ती इतकी झपाट्याने वाढली की १९५९ सालीच तिच्या प्रसारावर देशपातळीवर बंदी घातली गेली. तोवर ती अनेक पाण्यांत पोहोचली होती. नंतर तिच्याच कुळातली नाईलची तिलापियाही पसरली.

चिलापी का टिकते ते जाळ्यात दिसते. नर उथळ गाळात ताटाएवढा गोल खड्डा करतो. मादी तिथे अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते. अंडी फुटतात तोंडात, आणि पिल्ले पोहू लागल्यावरही काही दिवस धोका दिसताच आईच्या तोंडात परततात. भरलेल्या जाळ्यातून अशी मादी सोडवताना तिच्या तोंडातून पिवळ्या अंड्यांचा किंवा पिल्लांचा लोट बाहेर पडतो. तिला वाहते पाणी नको, खडी नको, चढण नको. ज्या गोष्टी भीमेने गमावल्या त्यांतली एकही चिलापीला लागत नाही. शेवाळाळ पाण्यात, कमी प्राणवायूत, वर्षातून अनेकदा ती विते. थर्मोकोलच्या तराफ्यावर बसून जाळे टाकणाऱ्या उजनीच्या मासेमाराचे घर आज मुख्यतः तिच्यावर चालते, आणि हे विसरून तिला परकी म्हणत नाक मुरडणे त्या माणसावर अन्याय करणारे आहे.

पाहुणा मासा म्हणजे कायम खलनायक, असा हिशेब जगात कुठेच जुळत नाही. पट्टेरी बासही पाहुणा झालेला आहे. १८७९ साली न्यू जर्सीच्या नेव्हसिंक नदीतले १३२ छोटे बास रेल्वेने अमेरिका खंड ओलांडून कॅलिफोर्नियात नेले आणि कार्किनेझ सामुद्रधुनीत, मार्टिनेझजवळ सोडले. दहा वर्षांत ते तिथल्या बाजारात विकायला आले. तिथले मूळचे सॅमन त्यांच्यामुळे कमी झाले का, याचा वाद अजून चालू आहे. आपल्या मुठेतल्या खुद्रीचेही तेच. लोणावळ्याला टाटांच्या वळवण केंद्रात १९७०च्या दशकापासून या महसीरची पैदास झाली, तिथले बीज कावेरीत गेले, आणि तिथे त्याने त्याच कुबड्या महसीरला मागे सारले, ज्याला सत्तर वर्षे दख्खनचे नाव चिकटले होते. मुठेत जपायचा मासा कावेरीत आक्रमक ठरला.

काचमासा या सगळ्यात कुठे आहे? तो आहे. उजनीत आहे, हिप्परग्याच्या एकरुख तलावात, तळ्या-कालव्यांतही मिळतो. पाण्यातून काढून तळहातावर धरला तर पाठीचा कणा मोजता येतो आणि पोटाची चंदेरी पिशवी दिसते. त्याच्यातली एक जात, चंडा नामा, इतर माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून खाते. गंगेतल्या माशांवर लिहिताना फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ सालीच तिचे वर्णन केले. साइक्सचे बार्लोवी हे नाव मात्र आता चलनात नाही. बाजारात काचमाशाला स्वतंत्र भाव नाही. वडाप म्हणतात त्या बारीक आसाच्या ओढजाळ्यात तो चिलापीच्या आणि कटल्याच्या पिल्लांबरोबर येतो, काठावर इतर बारीक मासळीत वाळतो आणि किलोच्या हिशेबात जातो. वडापला बंदी आहे, तिच्याविरुद्ध कारवाया होतात, आणि तिच्याबद्दल सर्वांत जास्त तक्रार करतात ते मोठ्या आसाची जाळी वापरणारे मासेमारच, कारण पुढच्या वर्षीचा त्यांचा मासा त्या ढिगात वाळत असतो.

त्या ढिगाकडे अभ्यासकानेही पाहायला हवे. साइक्सच्या यादीतला एखादा मासा उजनीच्या परिसरात अजून असेल, तर तो पहिल्यांदा तिथेच दिसेल. नुकटा, सिलोनिया चिल्ड्रेनी, सांडखोल हे तिघे आज जागतिक धोक्याच्या यादीत आहेत, आणि तिघेही कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यांचे. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे केंद्र आहे, सोलापुरात विद्यापीठ आहे, महाविद्यालयांचे प्राणिशास्त्र विभाग उजनीच्या माशांच्या याद्या करतात. या याद्यांत नावे असतात. साइक्सच्या यादीतही होती. पेडगाव ते कुडल या पल्ल्यात, निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा, प्रत्येक जातीचे नमुने नीट जपून ठेवले, सोबत ठिकाण, तारीख आणि ते पकडणाऱ्या भोयाने किंवा कोळ्याने सांगितलेले नाव लिहिले, तर मुसुल्ल्याच्या बाबतीत झाला तसा घोळ पुन्हा होणार नाही. कामाला बाटल्या, फॉर्मालिन आणि अल्कोहोल लागते. आणि लागतो तो चढणीचे मासे एकेका नावाने ओळखणारा म्हातारा मासेमार, जो करमाळ्याच्या आणि माढ्याच्या काठावर अजून भेटतो.